राधेय हे नाव

बेंगळुरूजवळील आनेकल येथे धर्मरायस्वामींचे मंदिर असून तेथून द्रौपदीचा करग निघतो. करगाच्या परंपरेत तिगळ समाजातील वीरकुमार स्वतःला द्रौपदीचे पुत्र मानतात. हे पुत्रत्व उदराचे नव्हे, निष्ठेचे आहे. त्याच महाभारतातील कर्णाकडे पाहताना मात्र मराठी वाचक वेगळा न्याय लावतो. सूताच्या घरी वाढणे हेच कर्णाचे दुर्दैव, असे तो गृहीत धरतो. 'खाण तशी माती' या म्हणीमागील समजच येथे रसिकतेचा वेष घेतो.

उद्योगपर्वातील कर्णाचे म्हणणे याहून निराळे आहे. कुमारिकेचा पुत्र शास्त्राने तिच्या पतीचाच ठरतो, हा कृष्णाचा युक्तिवाद तो खोडून काढीत नाही. तो दुसरा पुरावा पुढे ठेवतो. वात्सल्याने राधेला पान्हा फुटला, तिने त्याचे मलमूत्र काढले, अधिरथाने जातकर्म केले. मग तिच्या पिंडाचा लोप त्याने कसा करावा? दुर्योधनाचे ऋण तो सांगतो, पण त्यानंतर.

मराठीत शिरवाडकरांचे 'कौंतेय' (१९५३) जननीचे नाव घेते, सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) दोन्ही मातांची नावे टाळते, तर रणजित देसाई यांची 'राधेय' (१९७३) पालनकर्तीचे नाव शिरोधार्य मानते. दरम्यान १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीलाही दत्तक घेण्यास मान्यता दिली आणि, विवाहनिषेधासारखे अपवाद वगळता, दत्तक अपत्य त्या घरचेच ठरविले. कायदा पालटला, वाचन फारसे पालटले नाही. कर्णकथेचा गाभा म्हणून आजही कुंतीची भेटच आठवली जाते आणि राधा पार्श्वभूमीवर राहते.

दत्तक घरांविषयीचा लोकसमज याच वाचनाचा सोयरा आहे. अशा घरातील माया उणी असते, म्हणून जन्मवृत्त झाकलेले बरे, असे तो सांगतो. महाभारताची साक्ष याच्या उलट आहे. राधेच्या मायेत काही उणे नव्हते. घात केला तो मौनाने, आणि त्या मौनात अखेर कर्णही सामील झाला. कर्ण आपला ज्येष्ठ बंधू होता, हे युधिष्ठिराला कळले ते युद्ध संपल्यावर.

तेव्हा 'राधेय' हे केवळ कारुण्यसूचक शीर्षक नव्हे, तो कर्णाचा स्वतःचा निर्णय आहे, असे समीक्षेने मानावयास हवे. जन्मदात्री समोर उभी असता त्याने तिला अभिवादन केले, ते राधेचा आणि अधिरथाचा पुत्र म्हणूनच.