झपाटलेला वाडा : तपास कशाचा करावयाचा?

प्रास्ताविक

वाडा आणि भूत ही जोडी मराठी मनाला नवी नाही. ज्या गावात पडका वाडा आहे त्या गावात त्याची एखादी गोष्ट असतेच, आणि ती सांगणारा माणूस बहुधा "मी स्वतः पाहिलेले नाही, पण" अशीच सुरुवात करतो. अलीकडे या गोष्टींना नवा ग्राहक लाभला आहे. जुने वाडे, हवेल्या, कोठ्या यांची पाहुणघरे आणि हॉटेले होत आहेत, आणि वास्तूच्या वयाबरोबर तिचे भूतही पाहुण्याला दाखविले जाते. त्यापाठोपाठ तपासणारे येतात. कोणी यंत्रे घेऊन येतो, कोणी विवेकाची भूमिका घेऊन. प्रस्तुत लेखात अशा काही वास्तूंच्या कथांची व त्यांच्या तपासांची चिकित्सा करावयाची आहे. भूत असते की नसते हा या लेखाचा विषय नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ते नसते. परंतु एवढे म्हटल्याने तपास संपतो काय, हा प्रश्न उरतो.

तपासाच्या रूढ पद्धती

इंग्लंडमध्ये १८८२ साली अतींद्रिय घटनांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हापासून झपाटलेल्या घरांच्या तपासाला एक शिस्त आली. हॅरी प्राइस यांनी १९३७ मध्ये बॉर्ले येथील धर्मगुरूंचे निवासस्थान वर्षभर भाड्याने घेऊन तेथे निरीक्षक ठेवले. १९३९ मध्ये ते घर जळाले, आणि १९५६ मध्ये त्याच संस्थेच्या तिघा सदस्यांनी प्राइस यांच्या कामावर कठोर टीका करणारा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे रिचर्ड वाइजमन व सहकाऱ्यांनी हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात पाहणी केली. 'काहीतरी आहे' असे लोकांना जेथे वाटते तेथील प्रकाश, जागेची रचना यांसारख्या भौतिक गोष्टींशी त्या वाटण्याचा संबंध असतो, असे त्यांच्या २००३ च्या निबंधातून पुढे आले. आपल्याकडील जुन्या वाड्यात याहून साधी कारणे हाताशी असतात. दिवसभर तापलेले सागवान रात्री आकसताना कडकडते, माळवदावरून उदमांजर धावते, गव्हाणी घुबडाचा चीत्कार तर माहीत असलेल्यालाही दचकवतो.

महाराष्ट्रात या तपासाला सामाजिक आशय दिला तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने. घरात आपोआप कपडे पेटतात, दगड पडतात, अन्नात घाण येते अशा भानामतीच्या प्रकरणी कार्यकर्ते घरातील माणसांशी एकेकट्याने बोलतात. बहुतेक वेळा मुळाशी मानसिक ताणाखाली असलेली, बोलण्याची सोय नसलेली व्यक्ती, बऱ्याचदा एखादी सून किंवा वयात येणारी मुलगी, सापडते. प्रकार थांबतो आणि तिचे नाव जाहीर केले जात नाही. ही पद्धत अत्यंत मानवी आहे, कारण तीत भुताचा प्रश्न माणसाच्या दुःखाचा प्रश्न म्हणून हाताळला जातो. मात्र ती राहत्या घरासाठी आहे. ज्या वाड्यात कोणी राहत नाही, ज्याची गोष्ट दोन-अडीचशे वर्षांची आहे, तेथे कोणाशी बोलावयाचे? येथे ही पद्धत थांबते आणि इतिहासाच्या अभ्यासकाचे काम सुरू होते.

पाहुणघरातील भूत

या कामाचा उत्तम नमुना अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका हवेलीत मिळतो. लुइझियाना राज्यातील सेंट फ्रान्सिसव्हिल येथील 'मर्टल्स' ही मळ्याची हवेली १७९६ मध्ये डेव्हिड ब्रॅडफर्ड यांनी बांधली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे पाहुणघर झाले आणि भुतांसाठी ती प्रसिद्ध पावली. कथा अशी : क्लार्क वुड्रफ या मालकाकडे क्लोई नावाची गुलाम स्त्री होती. चोरून बोलणे ऐकले म्हणून मालकाने तिचा कान कापला. ते झाकण्यासाठी ती हिरवा फेटा बांधू लागली. पुढे तिने केकमध्ये कण्हेरीचे विष घातले, मालकाची पत्नी व दोन मुली मेल्या, आणि इतर गुलामांनीच तिला फाशी दिली. हिरव्या फेट्यातील तिची आकृती आजही पाहुण्यांना दिसते म्हणतात.

कागदपत्रे वेगळेच सांगतात. वुड्रफ यांची पत्नी १८२३ मध्ये पीतज्वराने वारली, आणि मुलांचे मृत्यूही साथीच्याच काळातले. क्लोई या नावाच्या गुलाम स्त्रीची नोंद सापडत नाही. या हवेलीत नोंदलेला खून एकच, १८७१ मधील विल्यम विंटर यांचा, तोही बाहेरच्या ओसरीवर. कथेत मात्र ते जखमी अवस्थेत जिना चढतात आणि सतराव्या पायरीवर प्राण सोडतात.

सामान्य तपासनीस येथे समाधानाने वही मिटतो. इतिहासकार टाया माईल्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टेल्स फ्रॉम द हॉन्टेड साउथ' या ग्रंथात येथूनच पुढे विचार केला आहे. गुलामांच्या खऱ्या यातनांविषयी जेथे मौन असते, तेथे गुलाम स्त्रीचे कल्पित भूत करमणुकीसाठी का विकले जाते, हा त्यांचा प्रश्न आहे. कथा नीट पाहिली तर त्याचे उत्तर तिच्या रचनेतच आहे. कान कापणाऱ्या मालकाला कथा सोडून देते. विष घालणारी गुन्हेगार ठरते, आणि तिला शिक्षा करणारेही तिचेच लोक. म्हणजे ज्या घरात पाहुणा रात्री झोपणार आहे त्या घरावरचा दोष कथेने शिताफीने काढून टाकला आहे. हे कथेचे खोटेपण तारखांच्या खोटेपणाहून अधिक गंभीर होय.

आपल्या देशातील उदाहरण राजस्थानातील कोटा येथील. चंबळेच्या काठावरील जुन्या रेसिडेन्सीत १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मेजर चार्ल्स बर्टन व त्यांचे दोन पुत्र उठावातील सैनिकांकडून मारले गेले. ही वास्तू पुढे ब्रिजराज भवन या नावाने संस्थानिक घराण्याकडे आली व तिचे हॉटेल झाले. तेथे बर्टन यांचे भूत फिरते, आणि पहाऱ्यावर डुलकी घेणाऱ्या चौकीदाराला थप्पड मारते. हे भूत कोणाला त्रास देत नाही, उलट नोकरांना कामावर ठेवते. हॉटेलमालकाला याहून सोयीचे भूत मिळणे कठीण. कोट्याच्या उठावाचे पुढारी जयदयाल आणि मेहराब खान यांनाही नंतर फाशी देण्यात आली. अकाली व हिंसक मृत्यूने भूत होत असते तर त्यांचाही हक्क पोहोचत होता. परंतु पाहुण्यांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत ते नाहीत. मेल्यावरही भूत कोणी व्हावयाचे हे जिवंत माणसे ठरवितात, आणि वास्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याचे मत त्यात जड असते, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

शनिवारवाडा : हाक आणि निवाडा

हे सूत्र मनात ठेवून महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध झपाटलेल्या वास्तूकडे वळू. शनिवारवाडा हॉटेल नाही, संरक्षित स्मारक आहे. पण पर्यटकांच्या यादीत त्याचे भूत कोणत्याही पाहुणघराच्या भुताइतकेच ठळक आहे. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांचा तेथे गारद्यांनी खून केला. त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. "काका, मला वाचवा" ही त्यांची हाक अमावास्येला, कोणी म्हणतात पौर्णिमेला, अजून ऐकू येते.

तपशिलाने पाहिले तर कथेचे सांधे सुटे पडतात. खून भर दुपारी झाला, हाक मात्र रात्रीची. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि आतल्या इमारती जळून गेल्या. आज तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे अवशेष आहेत. ज्या दालनांतून नारायणराव धावले ती दालनेच उरलेली नाहीत. 'ध' चा 'मा' झाला म्हणतात, पण तो फेरफार दाखविणारा अस्सल कागद उपलब्ध नाही. तरी आनंदीबाईंच्या नावावर तो दोष कायमचा चढला आहे. यंत्रे घेऊन जोत्यांवरून फिरणाऱ्यांची यावर काय भूमिका आहे ते कळत नाही.

परंतु या वास्तूचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. येथे तपास प्रत्यक्ष झाला होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी केली, दोष राघोबादादांपर्यंत पोहोचविला, त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरा आहे. ज्या सत्ताधीशाकडे न्यायाधीशाची नेमणूक होती त्याच्याच विरुद्ध हा निवाडा होता. गारद्यांच्या म्होरक्यांपैकी काहींना पुढे बारभाईंच्या काळात देहदंड झाला. राघोबादादा १७८३ पर्यंत जगले. निवाडा झाला पण अंमल अर्धवट राहिला, त्या अर्धवटपणाचा आवाज म्हणून ही हाक लोकांनी ऐकली असावी. असे मानले तर ही दंतकथा निव्वळ भाबडी ठरत नाही.

मराठी साहित्याने या प्रसंगातील निवाडा जपला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे १९०९ चे नाटक आणि प्रभातचा १९४४ चा 'रामशास्त्री' हा चित्रपट ही त्याची ठळक उदाहरणे. पारतंत्र्याच्या काळात निःस्पृह न्यायाधीशाची गरज समाजाला जाणवत होती. दंतकथेने मात्र हाक ठेवली आणि न्यायाधीश गाळला. आज वाडा पाहावयास येणाऱ्या सहलीतील मुलांना हाकेविषयी विचारा, सर्वांचे हात वर होतील. रामशास्त्रींविषयी विचारले तर दोन-तीन.

त्याहून मोठी गळती दुसरीच आहे. त्या दुपारी नारायणराव एकटेच मेले नाहीत. त्यांच्या अंगावर आडवा पडून वार झेलणारा चाफाजी टिळेकर हा सेवक मारला गेला. वाड्यातील इतर नोकर आणि दासीही मेल्या. त्यांची भुते नाहीत. त्यांनी मारलेली हाक कोणत्याही अमावास्येला ऐकू येत नाही. मर्टल्समध्ये नसलेली दासी भूत झाली, शनिवारवाड्यात असलेल्या दासी झाल्या नाहीत. दोन्हीकडे कारण एकच : कथा कोणाच्या उपयोगाची आहे.

भुतांची उतरंड

आपल्या लोकसमजुतीतील भुतांची नावे पाहिली तर हे आश्चर्याचे वाटत नाही. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर मुंजा, वासना मालमत्तेत अडकलेला समंध, बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ, मुसलमान वा हबशी असेल तर खवीस. जात, धर्म, लिंग आणि संस्कार यांवरून मेलेल्यांचीही गणती झालेली आहे. या उतरंडीत वाड्याचे भूत म्हणजे बहुधा समंध. तो धनावर बसतो, वारसाला त्रास देतो किंवा वारसाची वाट पाहतो. वाड्यातील भुताची कथा ही अशा रीतीने हक्काची, वतनाची, भाऊबंदकीची कथा असते.

लिखित मराठी भयकथेने ही बाजू फारशी हाताळली नाही असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. नारायण धारप यांच्या 'समर्थ' कथांत तपास आहे, पण तेथील दुष्ट शक्ती विश्वव्यापी असते. तिचा नाश झाला की घर मोकळे होते आणि ते कोणाचे, कसे मिळविलेले, हे विचारण्याचे कारण उरत नाही. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांत भयाचे मूळ माणसाच्या मनात आहे, ही मोठीच प्रगती होय. मात्र त्या मनाचा परिसर बहुशः शहरी मध्यमवर्गाचा राहिला.

वाशीमच्या परिसरातून

हा विषय हाती घेण्याचे निमित्त वर्गात घडले. वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कारंजा तर व्यापाऱ्यांच्या जुन्या वैभवाचे गाव. जिल्ह्यात १ जुलै १९९८ पूर्वीची म्हणजे अकोल्याच्या काळातली, आणि त्याहून कितीतरी जुनी, देशमुख-पाटील-सावकारांची घरे अजून उभी आहेत. वऱ्हाडी लोककथेच्या तासाला मी विद्यार्थ्यांना आपापल्या गावातील वाड्यांविषयी ऐकलेले लिहून आणण्यास सांगितले. एका विद्यार्थिनीने वाड्यामागच्या विहिरीतील बाईची गोष्ट आणली. ती बाई सालगड्याची बायको होती, एवढेच तीत होते. विहिरीत ती का गेली, हे नव्हते. तो वाडा आता लग्नकार्यांसाठी भाड्याने देतात. विहिरीवर जाळी बसविली आहे, आणि वऱ्हाडी मंडळींना गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते.

मी सवयीने म्हणालो की या अंधश्रद्धा आहेत. वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य संविधानात १९७६ च्या दुरुस्तीने आले आहे आणि २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदाही आहे, हे सांगितले. सांगितले ते योग्यच होते. घरी गेल्यावर मात्र ध्यानी आले की त्या बाईचा अन्य कोणताही उल्लेख बहुधा कोठे नसेल. जमिनीच्या कागदावर सालगडी येत नाही, त्याची बायको तर नाहीच. गावाने तिला भूत केले म्हणून ती उरली. आणि मी ते भूत एका वाक्यात उतरविले.

वऱ्हाडात एक साधन उपलब्ध आहे. कोतवाल बुकात गावातील जन्म-मृत्यूंच्या नोंदी असत. जातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या नकला काढण्याची आपल्या विद्यार्थ्यांना सवय आहे. वाड्याच्या भुताचा तपास करावयाचा तर यंत्रांपूर्वी हे बुक पाहावे, असे मी त्या विद्यार्थिनीस सुचविले. तत्पूर्वी तिने आजीला विचारले. आजीला नाव ठाऊक होते, तिने सांगितलेही. मग नातीच्या हातातील वही पाहून ती म्हणाली, "नाव लिहू नोको माय, आपल्याले त्याईच्याच वावरात जा लागते."

विद्यार्थिनीने ते नाव लिहिलेले नाही, आणि मीही विचारले नाही. कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तिने अर्ज केला आहे. साल अंदाजाने घातले असल्यामुळे मागचीपुढची काही वर्षे पाहावी लागतील.