आवाज दिसतो, म्हणजे नेमकं काय दिसतं?

आवाजाचं दृश्यात रूपांतर करणाऱ्या कलाकृतींवर सिनॉप्सिस लिहिताना एक वाक्य हमखास येतं: ‘ही कलाकृती आवाज दृश्यमान करते.’ पण ‘दृश्यमान करते’ म्हणजे काय, असं गाइडने विचारलं तर काय सांगाल?

आधी जुना प्रयोग आठवूया. एर्न्स्ट क्लाड्नी याने १७८७ साली धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवरून व्हायोलिनचा गज ओढल्यावर उमटणाऱ्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. पत्रा जिथे कंप पावत नाही, तिथे वाळू गोळा होते. ती आकृती कुणी रेखाटलेली नसते. ती कंपनातूनच येते.

आता ‘मेसा दी वोचे’ बघा. गोलन लेविन आणि झॅकरी लिबरमन यांनी २००३ साली याप ब्लॉंक आणि जोन ला बार्बरा या दोन आवाजकलावंतांसोबत हा प्रयोग केला. कॅमेरा कलावंताचं डोकं कुठे आहे ते शोधतो, मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचं संगणक विश्लेषण करतो आणि पडद्यावर तोंडापासून आकार निघू लागतात. पण इथे आकार भौतिकशास्त्र ठरवत नाही. कोणता गुण मोजायचा, त्यावरून काय हलवायचं, हे कलाकार ठरवतात. याला ‘मॅपिंग’ म्हणतात. म्हणजे आपल्याला दिसतो तो आवाज नाही, आवाजाबद्दल कुणीतरी घेतलेला निर्णय दिसतो.

मग निर्णय चांगला की वाईट, हे कसं ठरवायचं? त्यातला एक प्रवेश घ्या. ब्लॉंक गाल फडफडवतो आणि तोंडातून बुडबुडे निघतात. पुढे तेच बुडबुडे खाली येऊन त्याच्या डोक्यावर आपटतात, आणि आपटताना तोच आवाज परत ऐकू येतो. इथे चित्र नुसती सजावट उरत नाही. त्यात आवाज साठलेला असतो आणि शरीर वाद्य बनतं. मला हे मॅपिंग भक्कम वाटतं, कारण नियम न सांगता कळतो आणि कळल्यावरही संपत नाही.

याच कामातून प्रेक्षकांसाठी मांडणीही तयार झाली. माझा आक्षेप तिथे सुरू होतो. ब्लॉंकने तालीम केलेली असते. प्रेक्षकाकडे दोन-चार मिनिटं असतात. अशा वेळी सर्वांत पटकन सापडणारा नियम एकच: जोरात ओरडा, आकार मोठा होतो. मग स्वर, पोत, उच्चार सगळं मागे पडतं आणि कलाकृतीचा महागडा आवाजमापक होतो.

याच दोघांच्या २००२ सालच्या ‘रिमार्क’मध्ये वेगळा प्रश्न आहे. यंत्राला ध्वनी ओळखता आला तर अक्षर उमटतं, नाही तर नुसता अमूर्त आकार. मग अशा यंत्रासमोर ‘ळ’ म्हटलं तर? कुणाची बोली ‘भाषा’ ठरते आणि कुणाची ‘आवाज’, हेही मॅपिंगच ठरवतं.

तेव्हा सिनॉप्सिसमधलं ते वाक्य खोडा आणि तीन प्रश्न लिहा. आवाजातलं काय मोजलं? काय टाकून दिलं? आणि आवाज बदलल्यावर समोर काय बदललं, हे प्रेक्षकाला स्वतःहून कळतं का? तिसऱ्याचं उत्तर व्हिडिओ बघून मिळत नाही. त्यासाठी तिथे उभं राहून आधी कुजबुजावं लागतं आणि मग बाकीचे लोक काय करतात ते बघावं लागतं.