‘अग्निरोधक’ या विशेषणाची चिकित्सा : बहुवारिकांचे ज्वलन आणि चाचणीची भाषा

सारांश : बहुवारिकांच्या ज्वलनशीलतेविषयीची प्रमाणपत्रे एखाद्या पदार्थाचा गुण सांगतात, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ती एका विशिष्ट नमुन्याचे एका विशिष्ट चाचणीतील वर्तन सांगतात. या दोन विधानांमधील अंतर पुसले गेल्याने काय घडते, याची चिकित्सा १९७३ मधील अमेरिकेतील कारवाई, कॅलिफोर्नियातील फर्निचरविषयक नियम आणि लंडनमधील ग्रेनफेल टॉवरची आग (२०१७) यांच्या आधारे प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : बहुवारिक, ज्वलन, ज्वालामंदक, चाचणी-मानके, प्रमाणपत्र.

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड, लोकर, कापूस आणि धातू यांची जागा मोठ्या प्रमाणावर बहुवारिकांनी घेतली. खुर्चीतील फोम, विजेच्या तारेवरील वेष्टण, दूरदर्शन संचाची पेटी, भिंतीतील उष्णतारोधक थर या सर्वांतून ही सामग्री माणसाच्या अगदी निकट आली. यांपैकी बहुसंख्य पदार्थ कार्बन व हायड्रोजन यांच्या दीर्घ साखळ्यांचे बनलेले असल्याने ते मूलतः इंधनच होत. हे इंधन घरात आणताना समाजाने उत्पादकांकडे एक हमी मागितली आणि ती हमी ‘अग्निरोधक’ या एका शब्दात मिळाली.

मराठीत हा शब्द किमान तीन वेगळ्या कल्पनांसाठी वापरला जातो. जो पदार्थ जळतच नाही तोही अग्निरोधक. जी भिंत वा दरवाजा ठराविक मिनिटे आग पलीकडे जाऊ देत नाही तीही अग्निरोधक. आणि छोट्या ज्योतीने जो लवकर पेटत नाही तोही अग्निरोधक. पहिल्यासाठी ‘अदाह्य’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे. तिसऱ्यासाठी ‘ज्वालामंदक’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल, कारण अशा पदार्थात आगीला रोध नसतो, केवळ विलंब असतो. तथापि हा गोंधळ मराठीपुरता मर्यादित नाही. इंग्रजीतील व्यापारी आणि शासकीय भाषेनेही तो जोपासला आणि त्याची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविली.

ज्वलनाचे स्वरूप

घन बहुवारिक स्वतः जळत नाही. जळतो तो त्यातून निघणारा वायू. बाहेरील उष्णतेने साखळ्या तुटतात, लहान रेणू वायुरूपात बाहेर पडतात, ते हवेतील ऑक्सिजनशी मिसळून पेटतात आणि ज्योतीची उष्णता पुन्हा घन पृष्ठभागाकडे परतून नव्या साखळ्या तोडते. हे चक्र टिकले तर आग टिकते. ज्वालामंदक रसायने या चक्राचा एखादा दुवा कमकुवत करतात. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड सुमारे २०० अंश सेल्सिअसला अपघटित होऊन आपल्या वस्तुमानाच्या सुमारे एकतृतीयांश इतके पाणी सोडते व उष्णता शोषून घेते. ब्रोमीन वा क्लोरीनयुक्त संयुगे ज्योतीतील हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मुक्तमूलकांना पकडतात. फॉस्फरसयुक्त संयुगे पृष्ठभागावर कोळशाचा थर निर्माण करून वायूची वाट अडवितात. यांपैकी कोणताही उपाय पदार्थातील सर्व इंधन नाहीसे करीत नाही. बाहेरून येणारी उष्णता पुरेशी वाढली, की मंदकाची क्षमता संपते आणि चक्र पूर्ववत सुरू होते.

म्हणूनच ‘हा पदार्थ पेटतो का?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. किती जाडीचा, उभा की आडवा, उघडा की झाकलेला, किती उष्णतेच्या सान्निध्यात आणि किती वेळ, ही सर्व क्रियाविशेषणे जोडल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

चाचणी काय मोजते

सी. पी. फेनिमोर आणि एफ. जे. मार्टिन यांनी १९६६ मध्ये मांडलेला ‘मर्यादित ऑक्सिजन निर्देशांक’ आज पदव्युत्तर पाठ्यपुस्तकांतून पदार्थाच्या स्थिरांकासारखा दिला जातो. पॉलिएथिलीनचा निर्देशांक सुमारे १७ ते १८, कापसाचा सुमारे १८, तर कडक पीव्हीसीचा सुमारे ४५. हवेतील ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असल्याने त्याहून अधिक निर्देशांकाचा पदार्थ ‘आपोआप विझणारा’ होय, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतो. परंतु या चाचणीत कांडी वरच्या टोकाला पेटविली जाते आणि ज्योत मेणबत्तीप्रमाणे खाली सरकते. खऱ्या आगीत ज्वाळा वर चढते आणि पुढील पदार्थ आधीच तापवून ठेवते. शिवाय परिसराचे तापमान वाढले की निर्देशांक उतरतो. पीव्हीसीचा आकडा मोठा असला, तरी तापल्यावर त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड आणि दाट धूर यांचा त्यात उल्लेख नसतो.

यूएल ९४ या चाचणीचेही असेच आहे. १२५ मिलिमीटर लांब व १३ मिलिमीटर रुंद उभ्या पट्टीला दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत दाखविली जाते. प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या आत विझणे आणि पेटते थेंब खालील कापसावर पडून तो न पेटणे, या मुख्य अटींवर ‘व्ही-०’ ही श्रेणी मिळते. कापूस पेटला तर ‘व्ही-२’. वितळलेला पदार्थ उष्णता घेऊन गळून पडल्यामुळे पट्टी विझली, तरीही ती उत्तीर्ण होऊ शकते. तोच पदार्थ अधिक पातळ केला तर श्रेणी बदलू शकते, म्हणून श्रेणीसोबत जाडी सांगणे आवश्यक असते. जाहिरातीत मात्र बहुधा श्रेणी उरते आणि जाडी गळते.

न्याय्य दृष्टीने पाहता या चाचण्या निरर्थक नाहीत. विद्युत उपकरणातील ठिणगी वा तापलेला जोड यांपासून पेटी पेटू नये, या मर्यादित प्रश्नाचे मर्यादित उत्तर यूएल ९४ चोख देते. स्वस्त आणि पुनरावृत्तीयोग्य चाचणीवाचून नवा पदार्थ विकसित करणेही अशक्य होईल. आक्षेप आहे तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटविण्यावर. १९८० च्या दशकारंभी व्हिटेनिस बाब्राउस्कास यांनी विकसित केलेल्या कोन कॅलरीमापकाने हा दोष काही अंशी दूर केला. जळताना खर्च झालेल्या प्रत्येक किलो ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ मेगाज्यूल उष्णता मुक्त होते, या तत्त्वावर ते उष्णता-उत्सर्जनाचा दर मोजते. त्यामुळे ‘विझला की नाही’ या होय-नाही प्रश्नाऐवजी ‘आगीत किती वेगाने भर घातली’ हा प्रश्न पुढे आला.

१९७३ चा विसरलेला धडा

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७३ मध्ये प्लास्टिक उद्योगाची संघटना, मानके ठरविणारी संस्था एएसटीएम आणि अनेक उत्पादक यांच्याविरुद्ध कारवाई केली. पॉलियुरेथेन व पॉलिस्टायरिन यांचे फोम छोट्या चाचण्यांच्या बळावर ‘न जळणारे’ व ‘स्वयंशामक’ म्हणून विकले जात होते. प्रत्यक्ष इमारतीत तेच फोम वेगाने पेटत होते. १९७४ मधील तडजोडीनुसार उद्योगाने संशोधनासाठी ५० लाख डॉलरचा निधी दिला. शब्दांची निवड हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे येथे शासकीय पातळीवर मान्य झाले.

तरीही १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने टीबी ११७ हा नियम लागू केला. त्यात फर्निचरमधील उघड्या फोमला बारा सेकंद छोटी ज्योत दाखविली जाई. प्रत्यक्षात सोफ्यावर आधी कापड पेटते आणि फोमपर्यंत पोचेतो ज्योत मोठी झालेली असते. चाचणी उत्तीर्ण होण्यासाठी दशकानुदशके फोममध्ये ज्वालामंदक रसायने घातली गेली. त्यांपैकी पेंटा-ब्रोमोडायफिनाइल ईथर हे मिश्रण पर्यावरणात व मानवी शरीरात साठत असल्याचे आढळले आणि २००९ मध्ये त्यातील प्रमुख घटकांचा समावेश स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला. त्याआधी १९७७ मध्ये आर्लिन ब्लम व ब्रूस एम्स यांनी मुलांच्या रात्रवस्त्रांतील ‘ट्रिस’ या ब्रोमीनयुक्त मंदकाचा संभाव्य कर्करोगकारक म्हणून इशारा दिला होता आणि त्याच वर्षी अशा वस्त्रांवर बंदी आली होती. अखेर २०१३ मध्ये टीबी ११७ मधील ज्योतीची चाचणी वगळून धुमसण्याची चाचणी आली. चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देण्यासाठी एका समाजाने जवळजवळ चार दशके आपल्या घरांत रसायने भरली, असे म्हणावे लागते.

ग्रेनफेल : शब्दाची अंतिम परीक्षा

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरच्या चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघरात लागलेली आग बाह्य आवरणात शिरली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यापर्यंत पोचली. ७२ जणांचा मृत्यू झाला. या आवरणाचे पत्रे म्हणजे ॲल्युमिनिअमच्या दोन पातळ थरांमध्ये ३ मिलिमीटर पॉलिएथिलीनचा गाभा. पॉलिएथिलीन रासायनिक दृष्ट्या मेणबत्तीतील पॅराफिनचीच अतिदीर्घ साखळी होय. ३ मिलिमीटर जाडीच्या गाभ्यात प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे २.८ किलो पॉलिएथिलीन असते आणि ते पूर्ण जळाल्यास सुमारे १२० मेगाज्यूल उष्णता मिळते. या हिशेबाने साधारण साडेपाच चौरस मीटर आवरण म्हणजे १४.२ किलो गॅसने भरलेली एक घरगुती टाकी.

असे इंधन उंच इमारतीवर कसे चढले? ब्रिटनमधील ‘क्लास शून्य’ ही श्रेणी प्रामुख्याने पृष्ठभागाच्या वर्तनावर आधारलेल्या बीएस ४७६ मालिकेतील चाचण्यांवर उभी होती. ॲल्युमिनिअमचा थर पुढे असलेला पत्रा तिच्यात उत्तीर्ण होई. २००१ मध्ये शासनाच्याच वतीने झालेल्या मोठ्या प्रमाणावरील चाचणीत असा पत्रा अत्यंत भीषण रीतीने पेटला होता. ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत. सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीच्या सप्टेंबर २०२४ मधील अंतिम अहवालाने उत्पादकांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर ठपका ठेवला. हाच पत्रा दुमडून पेटीच्या आकारात बसविल्यास अधिक धोकादायक जळतो, हे उत्पादकाला ठाऊक असूनही बाजारापासून लपविले गेले. उष्णतारोधक फलक तयार करणाऱ्या सेलोटेक्सच्या २०१४ मधील चाचणीत मॅग्नेशिअम ऑक्साइडचे अदाह्य फलक गुपचूप जोडलेले होते. चाचणीच्या अहवालात त्यांचा उल्लेख नव्हता.

अहवालाचे हे निष्कर्ष निर्विवाद महत्त्वाचे आहेत. तथापि केवळ अप्रामाणिकपणावर बोट ठेवल्याने प्रश्न संपत नाही. ‘क्लास शून्य’ या शब्दप्रयोगातच ‘शून्य धोका’ असा ध्वनी आहे. ज्या भाषेत चाचणीची परिस्थिती गाळून केवळ पदार्थाला विशेषण लावता येते, त्या भाषेत खोटे न बोलताही फसविता येते आणि सचोटीचा वास्तुविशारदही फसतो. शासनाची जबाबदारी येथेच गंभीर ठरते, कारण ही भाषा त्याच्याच मार्गदर्शिकेने अधिकृत केली होती. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत दाह्य सामग्रीवर बंदी आली आणि ‘क्लास शून्य’सारख्या जुन्या राष्ट्रीय श्रेणी मार्च २०२५ पासून मार्गदर्शिकेतून वगळण्यात आल्या. हा बदल २००१ च्या चाचणीनंतर लगेच शक्य होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, ज्वलनशीलता हा घनता वा वितळणबिंदू यांसारखा पदार्थाचा स्थिर गुण नाही. तो पदार्थ, रचना आणि परिस्थिती यांचा संयुक्त परिणाम आहे. दुसरी, ज्वालामंदक हे साधन आहे, हमी नव्हे. मिळणारा विलंब आणि त्यासोबत येणारी विषारिता यांचा हिशेब प्रत्येक वापरासाठी स्वतंत्रपणे मांडावा लागतो. तिसरी, प्रमाणपत्रातील वाक्य चाचणीचे नाव, नमुन्याची जाडी, मांडणी, ज्योतीचे स्वरूप आणि कालावधी यांसह लिहिले गेले पाहिजे. यांपैकी काही गाळले असल्यास ते प्रमाणपत्र अपूर्ण समजावे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही याचे महत्त्व आहे. ऑक्सिजन निर्देशांकाचा तक्ता शिकविताना त्या आकड्यामागील कांडी, ज्योतीची दिशा आणि तापमान शिकविले नाही, तर उद्या प्रमाणपत्र वाचणारा अभियंता, ते देणारा अधिकारी आणि त्यावर विसंबणारा ग्राहक यांपैकी कोणालाही योग्य प्रश्न विचारता येणार नाही. मराठी परिभाषेपुरते बोलायचे तर ‘अदाह्य’, ‘आग अडविणारा’ आणि ‘ज्वालामंदक’ हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवणे, ही त्या शिक्षणाची पहिली पायरी ठरेल.