हिरवा 'एल' आणि मोळीवाला म्हातारा : रॉक अल्बमची कव्हरं कशी ओळखायची

पडद्यावर जो तुकडा दिसतो आहे तो नीट बघा. काळ्या-पांढऱ्या छायाचित्राची खालची कड आहे आणि तिच्यावर ठसठशीत हिरव्या रंगात इंग्रजी 'एल' हे एकच अक्षर. बाकीचं कव्हर आम्ही झाकून ठेवलं आहे. सांगा, अल्बम कोणता?

क्लॅशचा 'लंडन कॉलिंग', १९७९. रॉक ऐकणारा माणूस हेच उत्तर देणार, आणि तो शब्द 'कॉलिंग' असेल तर ते बरोबरच आहे. पण तो 'प्रेस्ली' असेल तर? एल्व्हिस प्रेस्लीचा पहिला अल्बम १९५६ चा. त्याच्या कव्हरवर डावीकडे वरून खाली गुलाबी 'एल्व्हिस', तळाला आडवं हिरवं 'प्रेस्ली' आणि मध्ये गिटार घेऊन तोंड उघडून गाणारा पोरगा. तेवीस वर्षांनी रे लोरी या व्यंगचित्रकाराने क्लॅशसाठी तीच मांडणी आणि तेच दोन रंग उघड उघड उचलले. चोरी लपवायची नव्हतीच. ती दिसावी हाच हेतू होता. म्हणजे 'एल' बघून उत्तर देता येत नाही. 'एल' दोन्हींत आहे.

मग कशावरून ठरवायचं? अक्षराच्या मागे बघा. क्लॅशच्या कव्हरवरचं छायाचित्र धूसर आहे, हललेलं आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये पॉल सिमोनन आपली बेस गिटार जमिनीवर आपटत होता आणि पेनी स्मिथ समोरून फोटो काढत होती. तो अंगावर येतोय म्हटल्यावर ती मागे सरकली, आणि फोकस गेला. कव्हरवर हा फोटो नको असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं, कारण तांत्रिकदृष्ट्या तो फसलेला होता. या तुकड्याची खरी खूण ते हिरवं अक्षर नाही. फोकस जाणं ही आहे.

हे एवढं लांबवून सांगायचं कारण असं, की कव्हरचा तुकडा दाखवून अल्बम ओळखायला लावण्याचा खेळ आता फार लोकप्रिय आहे, आणि आम्हालाही तो आवडतो. पण तो ज्या पद्धतीने खेळला जातो तिच्याबद्दल आमची तक्रार आहे. मराठीत ओळख 'पटते' आणि ओळख 'होते'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेताचीसुद्धा ओळख पटते. खेळात ती पटते आणि तिथेच थांबते. गाय दिसली, पिंक फ्लॉइड. केळं दिसलं, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड. काळ्यावर पांढऱ्या डोंगरासारख्या रेघा दिसल्या, जॉय डिव्हिजन. गुण मिळाले, पुढचं चित्र. त्या रेघा एका स्पंदकाच्या, म्हणजे पल्सरच्या, रेडिओ स्पंदनांचा आलेख आहेत, मुळात त्या पांढऱ्यावर काळ्या होत्या आणि पीटर सॅव्हिलने त्या उलट्या करून घेतल्या, हे विचारायला कुणाला सवडच नसते.

आता सगळ्यात सोपं समजलं जाणारं कव्हर घेऊ. 'द डार्क साइड ऑफ द मून', पिंक फ्लॉइड, १९७३. काळी पार्श्वभूमी, लोलक, एका बाजूने पांढरा किरण येतो, दुसऱ्या बाजूने रंग निघतात. संकल्पना हिप्नोसिस या संस्थेची, रेखाटन जॉर्ज हार्डीचं. पुढच्या बाजूला नाव नाही, गाव नाही. हे ओळखायला काय लागतं? काहीच नाही. पण आपण सगळे शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकत मोठे झालो. तेच आता या कव्हरवर म्हणा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा... आणि एकदम जांभळा. 'पा' गळला! पारवा नाहीच. कव्हरवर सहाच पट्टे आहेत.

आमच्या मते हे अज्ञान नाही, रेखाटनाचा निर्णय आहे. निळा आणि जांभळा यांच्यामध्ये पारवा छापला तर लांबून तो कुणालाच वेगळा दिसणार नाही, आणि सहा पट्टे सातांपेक्षा ठाम दिसतात. पण हा निर्णय एकदा कळला की पुढचं आपोआप दिसायला लागतं. सात रंगांचा लोलक छापलेला टी-शर्ट दिसला की तो कव्हर न बघता, भौतिकशास्त्राच्या आठवणीतून काढलेला आहे हे लगेच कळतं. आणि मूळ एल.पी. हातात आली तर ती उघडून बघावीशी वाटते. उघडल्यावर रंगांचे तेच पट्टे आत चालू राहतात, त्यातल्या एकात हृदयाच्या ठोक्यांची रेघ उमटते, आणि मागच्या बाजूला दुसरा लोलक ते रंग परत गोळा करतो. दुकानदाराने अनेक प्रती उघडून शेजारी शेजारी लावल्या तर तो प्रकाश कुठे तुटतच नाही. मोबाइलवर जो नखाएवढा चौकोन दिसतो त्यात यातलं फक्त पुढचं पान उरतं. एल.पी.चं कव्हर बारा इंचांचं होतं आणि त्याला पाठ होती, पोट होतं, हे आता सांगावं लागतं.

पाठ-पोट म्हटलं ते अक्षरशः घ्या. रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स', १९७१, कल्पना अँडी वॉरहॉलची. जीन्सचा फोटो आणि त्याला खरीखुरी धातूची चेन. गठ्ठ्यात ती चेन वरच्या तबकडीवर दाबली जाऊन तबकड्या खराब व्हायला लागल्या. उपाय काय काढला, तर चेन आधीच अर्धी खाली ओढून पाठवायची, म्हणजे तिचं टोक मधल्या कागदी लेबलावर येईल आणि गाण्याच्या खाचा वाचतील. जुनी प्रत चाचपून ओळखणारे लोक असतात, ते उगाच नाही.

किंवा लेड झेपेलिनचा 'फिजिकल ग्राफिटी', १९७५. न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरच्या ९६ आणि ९८ क्रमांकाच्या जुळ्या इमारती. कव्हरच्या खिडक्या कापून उघड्या ठेवलेल्या, आतला कागद बदलला की खिडकीतली माणसं बदलणार. आता त्या जागी जाऊन कुणी मजले मोजले तर एक मजला जास्त भरतो. इमारत पाच मजली आहे. ती चौकोनात बसेना म्हणून कव्हरवरून एक मजला काढून टाकला. आम्हाला हा तपशील फार आवडतो. चाळीचा मजला वाढलेला आपण पुष्कळ वेळा पाहिला आहे, कमी झालेला हा एकच.

पण तपशील बघायला लागलं की एक धोका असतो. 'अॅबी रोड', बीटल्स, छायाचित्रकार इयन मॅकमिलन, ८ ऑगस्ट १९६९. पोलिसाने रहदारी थांबवली, मॅकमिलन शिडीवर चढला, दहाएक मिनिटांत सहा फोटो निघाले. त्यातल्या एकात पॉल मॅकार्टनी अनवाणी आहे, त्याचं पाऊल इतरांच्या उलट पडलं आहे, आणि डावखुरा असून सिगारेट उजव्या हातात आहे. झालं! पॉल मेला आहे आणि हा त्याचा तोतया, अशी आवई उठली. मागे उभ्या असलेल्या फोक्सवॅगनच्या नंबरात, 'एलएमडब्ल्यू २८१एफ' मध्ये, एकाचा आकडा 'आय' म्हणून वाचला आणि त्यातून 'जिवंत असता तर अठ्ठावीस' असा अर्थ काढला. तो त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

इथे आमचा मतभेद नोंदवून ठेवतो. पुष्कळ समीक्षक या प्रकाराला 'बारकाईने बघणं' म्हणून कौतुकाने सांगतात. आम्हाला ते बघणं वाटतच नाही. उत्तर आधी ठरलं होतं, तपशील नंतर वेचले. खरं बघायचं तर रस्ता बघा. आज त्या क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना नागमोडी पांढऱ्या रेघा आहेत. कव्हरवर त्या नाहीत, कारण ब्रिटनमध्ये त्या नंतर आल्या. पर्यटकांनी काढलेला फोटो आणि मूळ फोटो यांतला फरक अनवाणी पायांत नाही, तिथल्या रंगकामात आहे. आणि ती सिगारेट? २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही पोस्टरवाल्यांनी ती पॉलच्या हातातून पुसून टाकली. पोस्टरवर त्याची बोटं रिकामी दिसली तर ते कधीचं आणि कुठलं, याचा अंदाज त्या रिकाम्या बोटांवरूनच करता येतो.

पुसून टाकण्यावरून आपल्याकडे यायला हरकत नाही. 'सार्जंट पेपर', १९६७. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी उभी केलेली ती प्रसिद्ध गर्दी. मर्लिन मन्रो, मार्क्स, ऑस्कर वाइल्ड हे पाश्चात्त्य प्रेक्षक पटापट ओळखतो. मग चार चेहरे येतात आणि तो अडखळतो : बाबाजी, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर, परमहंस योगानंद. हे जॉर्ज हॅरिसनने सुचवलेले. पुढे फुलांपाशी लक्ष्मीची छोटीशी मूर्ती आहे. तिला ओळखायला आपल्याला क्षणही लागत नाही. आणि गांधीजी? ते होते. चित्रणाच्या वेळचे जे इतर फोटो उपलब्ध आहेत त्यांत ते दिसतातही. पण ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांना भारतात लोक दुखावतील, कंपनीला त्रास होईल अशी धास्ती वाटली, आणि गांधीजींना काढण्यात आलं. तेव्हा या कव्हरवर कोण आहे हा प्रश्न जितका कामाचा, तितकाच कोण नाही हाही. खेळात तो कधी विचारत नाहीत, कारण नसलेल्या माणसाचा तुकडा कापून दाखवता येत नाही.

त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, जिमी हेंड्रिक्सचा 'अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह' आला. याचा कुठलाही तुकडा दाखवा, एखादा मुकुट, एखादा आयुध धरलेला हात, नागाचा फणा. लंडनचा खेळाडू सांगेल, हेंड्रिक्स. आपल्याकडची आजी सांगेल, हे विश्वरूपदर्शन. दोघंही बरोबर आहेत, आणि आमच्या मते आजी जास्त बरोबर आहे. कारण ते कव्हर म्हणजे भारतात बाजारात मिळणाऱ्या विराटपुरुषाच्या छापील चित्रावर हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे रंगवून बसवलेलं आहे. देवांची अशी रंगीत छापील चित्रं घरोघर पोचवण्यात मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रवि वर्मा छापखान्याचा वाटा मोठा. त्या परंपरेत डोळा तयार झालेला माणूस या कव्हरवर आधी देव बघतो आणि मग मध्येच खुपसलेले तीन अनोळखी चेहरे. हेंड्रिक्सलाही हे कव्हर फारसं रुचलं नव्हतं. त्याच्या घराण्यात चेरोकी रक्त असल्याचं सांगितलं जाई; 'इंडियन'च हवं होतं तर ते अमेरिकेतलं हवं होतं, असा त्याचा सूर होता. एका शब्दाचा घोळ! पण मूळ चित्रकाराचं नाव कव्हरवर नाही, आणि याची खंत त्या काळी कुणाला वाटल्याचं दिसत नाही.

शेवटचं चित्र. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७१. बाहेर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. पोपडे निघालेल्या भिंतीवर एक चौकट टांगली आहे, तिच्यात पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला, काठीवर रेललेला दाढीवाला म्हातारा. मूळ रंगीत चौकट गायक रॉबर्ट प्लांटला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली होती. लाखो घरांत हा म्हातारा गेला. सगळ्यांना त्याची ओळख पटत होती : म्हातारा म्हणजे झेपेलिन. तो कोण, हा प्रश्न बावन्न वर्षं तसाच राहिला. बरेच जण तर ते रंगचित्रच समजत होते.

२०२३ मध्ये ब्रायन एडवर्ड्स हे इंग्लंडमधले संशोधक एक जुना फोटो-अल्बम बघत होते. हाही अल्बमच, पण व्हिक्टोरियन काळातला, पुठ्ठ्याच्या पानांचा. १८९२ साली शाफ्ट्सबरीच्या सहलीत काढलेले फोटो, अर्नेस्टने आपल्या मावशीला की आत्याला भेट दिलेले. इंग्रजीत दोघींना एकच शब्द, त्यामुळे तेवढं कळायला मार्ग नाही. त्यात तो म्हातारा होता. तीच मोळी, तीच काठी. म्हणजे रंगचित्र नव्हे, रंग चढवलेलं छायाचित्र. मग हस्ताक्षर जुळवलं गेलं आणि फोटो काढणारा बहुधा अर्नेस्ट फार्मर, लंडनच्या पॉलिटेक्निकमधल्या छायाचित्रण विभागाचा पहिला प्रमुख, असा निष्कर्ष निघाला. आणि म्हातारा, जवळजवळ नक्की, विल्टशरमधल्या मीअर गावचा लॉट लाँग. जन्म १८२३. बायको वारलेली, एका झोपडीवजा घरात राहणारा. धंदा छपरं शाकारण्याचा.

आता मोळीकडे परत बघा. इतकी वर्षं तिला सरपण म्हटलं गेलं, कुणी तिच्यात निसर्गाकडे परतण्याचा संदेश वाचला, कुणी त्या म्हाताऱ्याला सिद्धपुरुष केलं. छपरं शाकारणाऱ्याच्या पाठीवर काटक्या असल्या तर त्या त्याच्या धंद्याच्या असण्याचा संभव आधी धरायला हवा. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गवताच्या पेंढ्या आणि कामट्या वाहणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सुचायला फार कष्ट पडू नयेत.

लॉट लाँग १८९३ मध्ये, तो फोटो निघाल्यानंतर वर्षभरातच वारला. २०२४ मध्ये विल्टशर संग्रहालयाने त्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याची ओळख झेपेलिनचा म्हातारा एवढीच राहिली नव्हती. तो विल्टशरचा शाकारणारा म्हणून लोकांसमोर होता.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.