आयत्या वेळचे नाटक

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या मतनासमध्ये ज्येष्ठांसाठी आठ आठवड्यांचे नाट्यशिबिर झाले. पाठांतर नाही, प्रॉम्प्टर नाही, हातात कागद नाही. रिंगणात उभे राहायचे आणि त्या क्षणी सुचेल ते बोलायचे, करायचे. हिब्रूत याला इलतूर म्हणतात. आपल्यापैकी आम्ही सहाजण गेलो होतो. मंडळाच्या वार्षिक मराठी नाटकाला अलीकडे पात्रे मिळत नाहीत, तेव्हा तिथून काही हाती लागते का ते पाहून लिहा, असे संपादकांनी सुचवले; म्हणून हे परीक्षण. शिक्षकांचे नाव मुद्दामच देत नाही. माणूस भला होता, माझा मतभेद पद्धतीशी आहे.

आधी या पद्धतीचे कूळ सांगते, कारण शिबिरात ते कोणी सांगितले नाही. व्हायोला स्पोलिन या बाईंचा जन्म १९०६ साली शिकागोत, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. हल हाऊस ही स्थलांतरितांसाठी चालवलेली संस्था. तिथे नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली त्या खेळांतून शिकवण्याची कला शिकल्या. पुढे देशोदेशींहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना नाटक शिकवताना भाषेची अडचण आली, तेव्हा त्यांनी अभिनयाचे धडे खेळांत बसवले. १९६३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याआधीच, १९५९ साली, त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांबरोबर शिकागोत 'सेकंड सिटी' सुरू केली होती. म्हणजे ही विद्या मुळात आपल्यासारख्यांचीच. नवा देश, तोंडात शब्द नाही, आणि तरी चारचौघांत उभे राहायचे!

शिबिरातले चांगले ते याच मुळातून आलेले होते. एका खेळात अर्थ नसलेल्या भाषेत भांडायचे होते. मोरोक्कोच्या बाईंची बडबड मोरोक्कोच्या सुरात, रुमानियाच्या गृहस्थांची त्यांच्या सुरात. आमच्या एका मामींनी तोंड उघडले, आणि शब्द एकही मराठी नसताना चाल थेट अलिबागच्या मासळीबाजाराची! सगळे पोट धरून हसले. मला मात्र गलबलून आले. कारखान्यात सारा जन्म मान खाली घालून दोन-दोन शब्दांचे हिब्रू बोलणाऱ्या मामींना एवढा आवाज आहे, हे मला चाळीस वर्षांच्या शेजारात कळले नव्हते.

आता तक्रार. प्रत्येकाच्या पाळीनंतर टाळ्या आणि 'कोल हाकावोद'. कोणी चार वाक्ये अडखळत बोलला तरी टाळ्या, कोणी पाठ फिरवून बोलला तरी टाळ्या. इथे चूक नसतेच, असे शिक्षक सांगत. स्पोलिनबाईंचे म्हणणे वेगळे आहे. शाबासकी आणि नापसंती, दोन्हींवर जगणारा नट मोकळा होत नाही, असे त्या म्हणतात. त्यांच्या प्रत्येक खेळाला एक नियम आणि लक्ष ठेवण्याचा एक बिंदू असतो. हातात नसलेला पेला धरला, तर त्याचे वजन प्रेक्षकाला दिसले पाहिजे. दिसले की नाही, एवढेच विचारायचे. आमच्याकडे मजा राहिली आणि नियम गळाला. सिस्टर ट्यूटरने माझ्या पहिल्या इंजेक्शनला टाळ्या वाजवल्या असत्या, तर रोग्याचा दंड काय झाला असता ते सांगायला नको.

दुसरा मंत्र, समोरच्याला नेहमी 'हो' म्हणायचे आणि त्यात आपली भर घालायची. हा मला निम्मा पटला. स्मृती गेलेल्या आजी रात्री दोन वाजता म्हणतात, आई न्यायला येणार आहे. तुमची आई कधीच वारली, असे सांगणारी नर्स मूर्ख. आईने तुम्हाला कोणते कपडे घालायला सांगितलेत, असे विचारले की आजी शांत होतात. तिथे 'हो' हेच औषध. पण डॉक्टरने घाईत दुप्पट डोस लिहिला तर 'नाही' म्हणावेच लागते. रंगमंचावरही, सगळेच मान डोलावू लागले की प्रवेशात अडत काहीच नाही, आणि न अडणारे नाटक कोण बघेल? कीथ जॉन्स्टन यांच्या १९७९ सालच्या 'इम्प्रो' पुस्तकात थोरपणा-लहानपणा अंगातून कसा दिसतो, यावर फार मार्मिक विवेचन आहे. डोके स्थिर ठेवून बोलणारा आपोआप वरचढ वाटतो. आमच्या मेट्रनला हे कोणी शिकवले नव्हते. शिबिरात या विषयाला अर्धा तास मिळाला, दोन आठवडे मिळायला हवे होते.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. गाठीला काही नसताना आयत्या वेळी काय सुचणार? लहानपणी मुंबईला वडिलांनी 'विच्छा माझी पुरी करा' दाखवले. लिहिले वसंत सबनीसांनी, पण दादा कोंडके त्या दिवसाच्या घडामोडी त्यात घुसवायचे आणि थिएटर डोक्यावर घ्यायचे. ते जमायचे, कारण तमाशाची चौकट पक्की होती. गण, गौळण, बतावणी, वग. कुठे सुटायचे आणि कुठे परत यायचे हे नटाला ठाऊक. आपल्या कीर्तनाचेही तेच. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी आपल्यात मराठी कीर्तन आणले. कथा अब्राहामाची किंवा योसेफाची, ती श्रोत्यांना पाठ. मग कीर्तनकार समोरची गर्दी बघून दाखला बदलू शके. शिबिरात आम्हाला कथाच दिली नाही, म्हणून सातव्या आठवड्यापर्यंत सगळेजण बसस्टॉपवर आणि कुपत खोलीमच्या रांगेतच भांडत राहिले.

हे सारे मी आपल्या नाटकासाठी लिहिते आहे. नातवंडांना घरातले मराठी कळते, थोडे बोलताही येते. देवनागरी मात्र एकालाही वाचता येत नाही. दरवर्षी आपण त्यांच्या हाती हिब्रू अक्षरांत लिहिलेले मराठी संवाद देतो, आणि ती मुले मारून मुटकून बोलतात. त्यांच्यापुढे कागद ठेवूच नये, असे माझे मत झाले आहे. योसेफाची कथा घ्या. प्रवेश ठरवून द्या. कोण कुणावर का रागावला आहे ते नीट समजावा, आणि वाक्ये त्यांची त्यांना बोलू द्या. मध्येच हिब्रू शब्द आला तर येऊ द्या, पण प्रवेश ढासळला तर टाळ्या न वाजवता थांबवा आणि पुन्हा करायला लावा.

जेष्ठ मंडळी म्हणतील, शुद्ध मराठी कुठे गेले? ते आमच्या वहीतल्या नाटकांत आहे, आणि वही वाचणारे आम्ही आता मोजकेच. मामींना मी विचारले आहे. योसेफाला विकणाऱ्या भावांशी भाव करणारी बाजारातली बाई मूळ कथेत नाही, पण ती भूमिका त्यांनी आधीच मागून ठेवली आहे.