कारण सापडलेली दुःखं

मराठी कादंबरीतला किशोर दुःखी असतो तेव्हा त्याच्याजवळ सबळ कारण असतं. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, आणि त्यानंतरचं त्याचं कोसळणं वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे वाढतो. त्याच्या हुरहुरीचा उगम संग्रहाच्या 'वनवास' या नावातच आहे. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तल्या मुकुंद जोशीची शिरोडकर गाव सोडून जाते. तिन्ही थोर पुस्तकं आहेत, आणि तिन्हींत मन दुखतं ते कशाने तरी दुखतं. पण नववीतल्या एखाद्या मुलीला सलग दोन महिने सकाळी अंथरुणातून उठवत नाही, घरात कोणी गेलेलं नाही, कोणी मारलेलं नाही, प्रेमभंग झालेला नाही, मार्कही बरे आहेत, अशा मुलीची कादंबरी मराठीत कुठे आहे? मनाचे आजार पुष्कळदा असेच येतात, कारणाची चिठ्ठी हातात न धरता. आपली किशोरवयाची कादंबरी तिथे अडते. विषय नवा म्हणून ती अडते असं मला वाटत नाही. कथानक कशाने पुढे सरकतं याविषयीची आपली समजूत जुनी आहे, अडचण तिथे आहे.

ही सवय कुठून आली हे पाहायचं तर कुमार साहित्याची आणि तरुणांच्या कादंबरीची अशा दोन वाटा वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पहिल्या वाटेवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही सर्वांत पुढे धावतो आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते वाचलं. पण या वाटेवरच्या लांब कथेचा कणा बहुतेक वेळा साहस, रहस्य किंवा निसर्ग हाच राहिला. साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार पाहिले तरी चित्र फारसं वेगळं दिसत नाही: २०१९ साली सलीम मुल्लांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला, २०२४ साली भारत सासणेंच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला. साहसकथेत भीती बाहेर असते, भुयारात किंवा भूतबंगल्यात, आणि शेवटच्या प्रकरणात तिचा उलगडा होतो. ज्या मुलाची भीती घरातल्या बेसिनपाशी सुरू होते आणि हात चाळीस वेळा धुऊनही संपत नाही, त्याला या रचनेत शिरायला दारच नाही.

दुसरी वाट 'कोसला'ने १९६३ साली रुंद केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सिल्व्हिया प्लाथची 'द बेल जार' निघाली. दोन्ही पुस्तकांत विशीच्या आसपासचं, हुशार, शिकायला घराबाहेर पडलेलं माणूस खचत जातं. पण प्लाथच्या एस्थर ग्रीनवुडच्या गोष्टीत डॉक्टर आहेत, रुग्णालय आहे, चुकीचे आणि बरोबर उपचार आहेत, सुट्टी मिळण्याआधीची मुलाखत आहे. पांडुरंग सांगवीकर मात्र गावी परततो, आणि त्याचं दुखणं एका पिढीच्या, एका शिक्षणव्यवस्थेच्या, किंबहुना अस्तित्वाच्याच निरर्थकतेचं दुखणं होऊन बसतं. यात नेमाड्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ती कादंबरी तशीच हवी होती. चुकलं ते पुढे. 'कोसला'नंतरच्या तरुण नायकांनी उदासी वारशात घेतली आणि तिला समाजावरचं भाष्य बनवण्याची रीतही घेतली. अवधूत डोंगरेंच्या 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट'ला २०१४ साली आणि प्रणव सखदेवांच्या 'काळेकरडे स्ट्रोक्स'ला २०२१ साली अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दोन्ही लेखक गंभीर आहेत, भाषेवर हुकमत असलेले आहेत. तरी या परंपरेत तरुण मनाची पडझड वाचताना वाचक हटकून विचारतो की ही पडझड कशाचं प्रतीक आहे. म्हणजे लहान मुलांच्या वाटेवर दुःखाला कारण लागतं आणि मोठ्यांच्या वाटेवर अर्थ लागतो. नुसता आजार दोन्हीकडे उपरा.

पडद्यावर हा पेच जास्त उघड दिसतो. जानेवारी २०१० मध्ये महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' आला, विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरलेला असताना. त्यात बाप मुलाला मारतो, मुलगा कोमात जातो, आणि मग बाप शिक्षणव्यवस्थेशी लढतो. तळमळीबद्दल शंका नाही, पण मांडणी पाहा: ज्याच्या मनावरच्या ओझ्याची गोष्ट आहे तो मुलगा बेशुद्ध पडून आहे आणि बोलतो आहे तो बाप. कारण सापडलं की मुलाची गरज उरत नाही, सगळी कथा त्या कारणाच्या मागे लागते. याच्या उलट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'कासव'. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं तेव्हा अनेकांना तो 'संथ' वाटला होता. नैराश्यातल्या तरुणाच्या भूमिकेत आलोक राजवाडे, त्याला आसरा देणारी जानकी म्हणजे इरावती हर्षे, कोकणचा किनारा, अंडी घालायला येणारी कासवं. या तरुणाला हे का झालं याचा तपास करणं हे चित्रपटाचं मुख्य काम नाही. तो जेवतो का, झोपतो का, खोलीबाहेर येतो का, याकडे त्याचं लक्ष आहे. जानकी स्वतः याच आजारातून गेलेली आहे, त्यामुळे ती त्याला प्रश्न विचारत सुटत नाही. निर्मात्यांपैकी एक, आणि चित्रपटातले दत्ताभाऊ, म्हणजे मोहन आगाशे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हा योगायोग नसावा. चित्रपटाला जे जमलं ते कादंबरीला का जमू नये? तिच्याकडे तर पानांची मुबलकता आहे.

जमतं, याचा पुरावा मराठीत आहे, फक्त तो अनुवादातून आला. जेरी पिंटोंची 'एम अँड द बिग हूम' शांता गोखल्यांनी 'एम आणि हूमराव' म्हणून मराठीत आणली. माहीमच्या लहानशा घरातलं गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब, आईचा चढउतारांचा आजार, जे. जे. रुग्णालयातला मनोरुग्णांचा वॉर्ड, आणि हे सगळं पाहत मोठा होणारा मुलगा. आईच्या आजाराचं मूळ तो शोधतो. जुनी पत्रं, डायऱ्या, लग्नाआधीच्या गोष्टी चाळतो, आणि शेवटपर्यंत त्याच्या हाती काही ठोस लागत नाही. कादंबरीचं बळ त्यातच आहे. शोध फसतो म्हणून आई गुंता न राहता माणूस राहते: विड्या ओढणारी, फटकळ, मुलांशी नको इतकं मोकळं बोलणारी. आपल्याकडे जयवंत दळवींनी 'अंधाराच्या पारंब्या'त, म्हणजे पुढे 'बॅरिस्टर' नाटकात, वेडाच्या भीतीने झाकोळलेलं घर जबरदस्त उभं केलं. पण तिथे वेड हा घराण्याचा शाप आहे, वाड्याच्या भिंतींसारखा पिढीजात. शापाला गोळ्या नसतात. पिंटोंच्या घरात गोळ्या आहेत, त्या कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत, आणि मधल्या दिवसांत चहा होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वाढत्या वयाच्या साध्या घालमेलीला आजार म्हणणं ही बाहेरची लाट आहे, आणि कादंबरीने तिच्यामागे धावू नये. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक रुसव्याला नैराश्य म्हणण्याने कोणाचं भलं होत नाही. पण २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्सने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार. या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, छत्तीसगड होता. म्हणजे हा आकडा पुण्यामुंबईच्या लाडावलेल्या मुलांचा, असंही म्हणायची सोय नाही. उलट कारणावर अडून बसणारी कादंबरीच घालमेल आणि आजार यांतली सीमा पुसते. तुला काय कमी आहे, हा जो प्रश्न प्रत्येक घरात आजारी मुलाला विचारला जातो, तोच आपली कथा वेगळ्या शब्दांत विचारत असते. ज्या मुलाकडे उत्तर नाही, तो ढोंगी किंवा नाजूक ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा पुस्तकांतून अनुकरण होतं. गटेच्या वेर्थरपासून, म्हणजे १७७४ पासून, ही चर्चा चालू आहे, आणि तिला आपल्या काळात जे अॅशरच्या २००७ सालच्या 'थर्टीन रीझन्स व्हाय'ने पुन्हा धार आली. मालिका आल्यावर टीका इतकी वाढली की नेटफ्लिक्सने २०१९ साली आत्महत्येचं दृश्य कापलं. पण त्या गोष्टीची खरी खोट दृश्यात नव्हती, रचनेत होती. मृत मुलगी कॅसेटवरून एकेकाला त्याचा वाटा सांगते. तेरा कारणं, तेरा हिशेब, आणि हिशेब चुकता करण्याचं साधन म्हणून मरण. आजार, उपचार, वेळेत पकडलेला हात यांना तिथे जवळपास जागाच नाही. कारणांनी चालणारं कथानक टोकाला नेलं की ते इथे पोचतं. याच्या शेजारी जॉन ग्रीनची २०१७ सालची 'टर्टल्स ऑल द वे डाउन' ठेवावी. तिच्यात बेपत्ता अब्जाधीशाचा शोध आहे, बक्षीस आहे, साहसकथेचा सगळा सरंजाम आहे, आणि सोळा वर्षांच्या एझाला तो शोध घेताच येत नाही. बोटावरची तीच जखम उकरावी लागते, जंतूंचा तोच विचार फिरून येतो. रहस्यकथा हळूहळू कडेला सरकते आणि आजार मध्यभागी येतो. एझाच्या विचारचक्राला कोणी खलनायक नाही. पुस्तक संपतानाही ती बरी झालेली नसते, पण तिचं पुढचं आयुष्य असतं. अनुकरणाची भीती या रचनेला फारशी लागू होत नाही.

छत्तीसगडातल्या रायपूरमधून, महाराष्ट्राबाहेरून, ही चर्चा करण्याला अर्थ आहे. इथला तात्यापारा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनच्या मराठी वस्तीची खूण सांगतो. माधवराव सप्र्यांनी मराठी घरात वाढून हिंदीला 'छत्तीसगढ़ मित्र' दिलं आणि १९२६ साली याच शहरात देह ठेवला. तासाभरावरच्या राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोधांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी. त्यांच्या 'क्लॉड ईथरली' या कथेत वेड्यांचं इस्पितळ आहे, पण ते सदसद्विवेकाचा तुरुंग म्हणून: हिरोशिमाच्या अपराधाने पोळलेला वैमानिक त्यात कोंडलेला. इतका प्रखर लेखकही वेडाकडे रूपक म्हणूनच पाहतो. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत, आणि 'क्षिप्रा'त त्यांनी उज्जैनच्या मराठी घरातल्या बिशूचं वाढतं मन ज्या सूक्ष्मतेने टिपलं, ती १९५४ साली विरळ होती. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाचं अंतरंग हा विषय तेव्हाच दारात उभा राहिला होता. पुढे त्याला आत कोणी फारसं घेतलं नाही.

आणि कारणाविना चालणारं गद्य पाहायचं तर रायपूरने लांब जायला नको. हिंदी कादंबरीकार विनोद कुमार शुक्ल इथेच राहून लिहीत. 'दीवार में एक खिड़की रहती थी'मध्ये महाविद्यालयात शिकवणारे रघुवर प्रसाद हत्तीवर बसून कामाला जातात, भाड्याच्या खोलीच्या खिडकीपलीकडे तळं आणि वाट असते, आणि हे असं का, हे कोणी कोणाला विचारत नाही. दिवस कसा जातो एवढीच कादंबरी. सत्तरी ओलांडल्यावर ते किशोरांसाठीही लिहू लागले. त्यांच्या पुस्तकांतल्या मुलांच्या जगात आजार नाही, त्यामुळे त्यांना आपल्या बाजूला ओढणं बरं नव्हे. पण बारीकसारीक गोष्टींकडे इतक्या सबुरीने पाहणारी नजर आणि घटनेची घाई नसलेलं वाक्य, या दोन गोष्टी नैराश्याच्या कादंबरीला हव्यातच. मराठी लेखकांनी मार्केज आणि काफ्का जेवढा पचवला, तेवढा शेजारचा शुक्ल पचवला नाही, ही आपली जुनी दिशाभूल. छत्तीसगडाकडे आपण भाषेच्या हद्दीवरून पाहतो, साहित्याच्या नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: अशी मराठी कादंबरी वाचणार कोण? रायपूर-भिलाईची मराठी मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी, कोचिंगवर्गात इंग्रजी-हिंदीची सरमिसळ. कबूल. पण याच मुलाच्या तोंडून गोष्ट आली तर लेखकाला केवढं साहित्य मिळतं पाहा. घाबरल्याचं आजीला मराठीत सांगता येत नाही, मित्राला हिंदीत सांगितलं तर चेष्टा होते, आणि समुपदेशक विचारतो इंग्रजीत, दहापैकी किती. भिलाईच्या वर्गांतून आयआयटीला जाणाऱ्यांचे फोटो चौकाचौकात लागतात. फोटोतल्या मुलाची कादंबरी लिहिणं तुलनेने सोपं आहे, तिला दडपणाचं तयार कारण आहे आणि वर्तमानपत्रांनी ती निम्मी लिहून ठेवली आहे. अवघड आहे ती फोटोशेजारून रोज सायकलने जाणाऱ्या, कोणत्याच शर्यतीत नसलेल्या मुलीची, जिच्या गोळ्या आईने देवघराच्या खणात ठेवल्या आहेत, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. तिच्या गोष्टीत पहिल्या प्रकरणात काही घडणार नाही, कदाचित तिसऱ्यातही नाही. गोळ्यांनी वजन वाढेल, गणवेश उसवावा लागेल, डोस बदलेल, एक रविवार बरा जाईल. संपादक विचारेल की हिला झालंय तरी काय, आणि हस्तलिखित परत पाठवेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला, तेव्हा त्यात रोग्याने कारण दाखवावं अशी अट घातली नव्हती. प्रकाशनगृहांच्या वाचनसमित्या ती अजून घालतात.