‘प्रत्यर्पण’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘एक्स्ट्राडिशन’ या संज्ञेस मराठीत ‘प्रत्यर्पण’ हा पर्याय रूढ आहे. (वृत्तपत्रांतील ‘प्रत्यार्पण’ हे रूप व्याकरणदृष्ट्या अशुद्धच होय.) परंतु खरा दोष अर्थाचा आहे. मूळ लॅटिन घटकांत ‘बाहेर सोपविणे’ एवढाच भाव आहे. ‘प्रति’ या उपसर्गाने त्यात ‘परत’ ही कल्पना शिरते. मार्क एमरी याचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हा कॅनडाचा नागरिक व्हँकूव्हरहून टपालाने गांजाचे बी विकीत असे. अमेरिकेच्या मागणीवरून त्यास २००५ मध्ये अटक झाली, २०१० मध्ये त्या राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आले व तेथे पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्या देशातून तो पळालाच नव्हता, तेथे त्यास ‘परत’ कसे देणार? बीविक्री कॅनडातही अपराधच होती. म्हणून कृत्य उभय राष्ट्रांत दंडनीय असावे ही अट अक्षरशः पुरी झाली. तथापि तेथे त्याबद्दल खटले क्वचितच होत, हे अंतर त्या अटीत मावत नाही. भारताच्या १९८५ च्या अधिनियमात तर शेंड्यांविना असलेले बी ‘गांजा’ या व्याख्येतूनच वगळले आहे. इतक्या भिन्न कायद्यांच्या व्यवहारात ‘प्रत्यर्पण’ हा शब्द मागणी करणाऱ्या राष्ट्राचा हक्क आधीच मान्य करून बसतो. ‘स्वाधीनीकरण’ हा शब्द ओबडधोबड खरा, पण असा निवाडा तो करीत नाही.